अख्खे बदाम शोधा

मराठी पानात डावी बाजू मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबिरीची, उजवीकडे भाजी-आमटी. अंगावरून वारं गेल्यावर दवाखान्यातून घरी आलेला माणूस उजवीकडचं सगळं संपवतो आणि डावीकडचं तसंच टाकून उठतो. घरच्यांना वाटतं, तोंडाची चव गेली. ताट फिरवून पाहावं. मघाशी शिवलीही नव्हती ती कोशिंबीर आता तो आवडीने खातो. नजर शाबूत आहे, पण मेंदूच्या उजव्या बाजूला इजा झाल्याने डावीकडचं जग त्याच्या लक्षातच येत नाही.

हे डोळ्यांपुरतं नाही, हे बिसियाक आणि लुझ्झाती या इटालियन संशोधकांनी 1978 मध्ये दाखवलं. मिलानमधल्या दोन रुग्णांना त्यांनी शहरातला कॅथेड्रलचा चौक मनात आणायला सांगितला. कॅथेड्रलकडे तोंड करून उभं राहिल्याची कल्पना केली की रुग्णांना उजव्या हाताच्या इमारती आठवत. कॅथेड्रलकडे पाठ करून त्याच्या पायऱ्यांवर उभे आहात, असं म्हटल्यावर नेमक्या आधी गाळलेल्या इमारती ते सांगू लागले. आठवण पुसली गेली नव्हती. तिची डावी बाजू हाताला लागत नव्हती.

पक्षाघातानंतर आपण हात-पाय किती हलतात ते पाहतो. माणूस चालायला लागला की घर सुटकेचा श्वास टाकतं. तो रक्तदाबाची गोळी दोनदा घेतो की विसरतो, गॅस बंद करतो का, सुटे पैसे मोजता येतात का, हे कुणी विचारत नाही. याची किंमत मोठी आहे. ऑक्सफर्डच्या पेंडलबरी आणि रॉथवेल यांनी 2009 मध्ये अनेक अभ्यास एकत्र करून पाहिले: पहिल्या झटक्यानंतर सुमारे 10 टक्के रुग्णांना नव्याने स्मृतिभ्रंश होतो, झटका पुन्हा आला तर एक तृतीयांशाहून अधिक जणांना तो असतो. आणि गोळी विसरणारा माणूस त्या दुसऱ्या झटक्याच्याच वाटेवर असतो.

म्हणून दहा-पंधरा मिनिटांची चाळणी प्रत्येक रुग्णाची व्हावी, असं मला ठामपणे वाटतं. 2005 मध्ये आलेली ‘मोका’ चाचणी बरीच वापरली जाते: 30 गुण, पाच शब्द लक्षात ठेवा, शंभरातून सात-सात वजा करा, अकरा वाजून दहा मिनिटं दाखवणारं घड्याळ काढा. पण वाचा गेलेल्या माणसाला शब्द आठवत असूनही उच्चारता येत नाहीत, आणि त्याचे गुण स्मृतीच्या नावावर कापले जातात. ही अडचण ओळखून ऑक्सफर्डमध्ये खास पक्षाघातासाठी वेगळी चाचणी बांधली गेली. तिच्या एका कागदावर पत्त्यांतल्यासारखे बदामच बदाम असतात, काही अख्खे, काही डावीकडे किंवा उजवीकडे तुटलेले. फक्त अख्ख्यांवर काट मारायची. कागदाची डावी बाजू कोरी राहिली, की ताटातल्या कोशिंबिरीचं कोडं उलगडतं.

आपल्याकडचा प्रश्न आणखी एक: शाळेची पायरी न चढलेल्या आजीला घड्याळ काढायला सांगणं ही परीक्षा कसली? हरियाणातल्या बल्लभगडच्या खेड्यांतल्या वृद्धांसाठी तयार झालेल्या हिंदी चाचणीत वाक्य लिहायला न सांगता घराविषयी काही बोलायला सांगतात. भारतीय वैद्यक संशोधन परिषदेने हिंदी, बंगाली, तेलुगू, कन्नड आणि मल्याळममध्ये चाचण्यांचा संच बनवला. मराठी आजी-आजोबांसाठीही, त्यांच्या बोलण्यातल्या शब्दांचं, असं साधन प्रत्येक जिल्हा रुग्णालयात हवं.

भाषेचा मुद्दा फक्त चाचणीपुरता नाही. हैदराबादमध्ये 608 रुग्णांच्या अभ्यासात, दोन किंवा अधिक भाषा बोलणाऱ्यांपैकी 40.5 टक्के जणांची आकलनशक्ती पक्षाघातानंतर शाबूत होती, एकभाषिकांमध्ये 19.6 टक्के.

कमी गुण म्हणजे स्मृतिभ्रंश नव्हे. पहिल्या दिवसांतला गोंधळ, नैराश्य, अपुरी झोप यांनीही गुण घसरतात. काही महिन्यांनी चाचणी पुन्हा घ्यावी लागते. पण कमतरता कुठे आहे ते कळलं, की कामाला लागता येतं. डावीकडचं सुटणाऱ्या माणसासाठी वर्तमानपत्राच्या डाव्या कडेला लाल पट्टी चिकटवायची. ती दिसेपर्यंत त्याने मान वळवायची, आणि मगच पहिली ओळ वाचायला घ्यायची.