नावेतील भाराची वाटणी

मजुराच्या पाठीवरील ओझ्याविषयी आम्ही पुष्कळ बोललो. आज नावेवरील ओझ्याविषयी बोलतो. कोयनेच्या शिवसागरात फिरतात तशा लहान यांत्रिक नावेचे यंत्र बहुधा मागे असते. त्यात माणसेही मागेच बसली, तर नाळ उचलते, नावाड्यास पुढचे दिसत नाही, वेग खुंटतो. सारी पुढे गेली, तर नाळ लाटेत घुसते, नाव सुकाणूला जुमानत नाही. म्हणून भार मध्यावर, तळाशी, दोन्ही अंगांस सारखा ठेवावा. उभे राहिल्याने भार उंचावतो व नाव कलंडते. ८ ऑगस्ट २०१९ रोजी महापुरात ब्रह्मनाळला नाव उलटून कित्येक जीव गेले. वाटणी क्षमतेच्या आतील भाराचीच होते. जादा माणूस कोठेही बसविला तरी जादाच. नावाडी ‘पुरे’ म्हणाला की थांबावे.