हिरवळीआधीचा वणवा

अमेरिकेच्या उत्तरेकडील मैदानांत, म्हणजे नॉर्थ व साउथ डकोटा आणि पूर्व मोंटानात, वणव्याचा धोका ऐन वसंतात वाढतो. बर्फ वितळले की गेल्या वर्षीचे वाळके, पिवळट गवत उघडे पडते आणि नवी हिरवळ यायला अजून अवकाश असतो. सहा मिलिमीटरपेक्षा बारीक काडी हवेतल्या ओलाव्याशी साधारण तासाभरात जुळवून घेते. त्यामुळे सकाळी दवाने ओले असलेले पाते दुपारी चुरचुरीत होते. कालच्या सरीवर विसंबण्यात अर्थ नसतो. त्यात कोरडी शीत आघाडी आली, की वारा एकाएकी दिशा बदलतो आणि आगीची लांबलचक कडच तिचे तोंड बनते. आग विझवणाऱ्यांना खरी धास्ती याचीच. २०२१ मध्ये २९ मार्चला साउथ डकोटातील रॅपिड सिटीजवळ वणवा भडकला. १ एप्रिलला नॉर्थ डकोटातील मेडोरा गाव रिकामे करावे लागले. कोरडी हवा आणि सोसाट्याचा वारा एकत्र येणार असे दिसताच तिथली राष्ट्रीय हवामान सेवा ‘रेड फ्लॅग’ इशारा देते. अशा दिवशी कचरा जाळणे तर दूरच, तापलेली गाडीसुद्धा वाळक्या गवतात उभी करायची नसते.