एका चुलीचें घर आणि विजेचें बिल

महिन्याचें विजेचें बिल आमच्या घरीं प्रथम थोरल्या वहिनींच्या हातीं जातें. चिंचवडगांवांत, मोरया गोसावींच्या समाधिमंदिरापासून हांकेच्या अंतरावर आमचें अकरा माणसांचें घर आहे. चूल एक, देवघर एक आणि विजेचा मीटरही एकच. गेल्या वैशाखांतील बिलावर ४२० युनिटांचा आंकडा होता. वहिनींनीं तो दोनदां वाचला, चष्मा काढून ठेवला आणि मला विचारलें, "भाऊजी, वीज कंपनी सरकारची आहे म्हणून बिल एवढें येतें, कीं खासगी झाली म्हणजे याहूनही अधिक येईल? पेपरांत तर दोन्ही बाजूंनीं लिहून येतें."

प्रश्न अवेळीं नव्हता. २०२५ सालीं खासगी कंपन्यांनीं राज्यांतील मोठमोठ्या शहरी पट्ट्यांसाठीं समांतर वीजवितरणाचे परवाने मागितले, आणि पुण्याच्या परिसराचें नांवही त्यांत आलें. तेव्हांपासून वीज लोकांच्या मालकीची असावी कीं धनिकांच्या, हा वाद ओट्यांवर आणि कट्ट्यांवर मोठ्या हिरीरीनें चालू आहे. मला त्या वेळीं वहिनींना नीट उत्तर देतां आलें नाहीं. पुढें महिनाभर जें वाचलें व पडताळून पाहिलें, तें वाचकांपुढें ठेवीत आहें.

प्रथम घरचाच हिशेब घेऊं. महावितरणचा घरगुती दर चढत्या पायऱ्यांचा आहे. पहिल्या शंभर युनिटांस सर्वांत कमी दर, १०१ ते ३०० ला त्याहून पुष्कळ अधिक, ३०१ ते ५०० ला आणखी अधिक आणि पांचशेंच्या वर सर्वांत मोठा. यामागील हेतु स्तुत्य आहे. ज्याच्या घरीं दोन दिवे व एक पंखा, त्यानें थोडें द्यावें. ज्याच्या प्रत्येक खोलींत हवा थंड करण्याचें यंत्र, त्यानें अधिक द्यावें. परंतु हे मोजमाप मीटरचें आहे, माणसांचें नव्हे. आमचीं ४२० युनिटें एकाच मीटरवर पडलीं, म्हणून शंभर पहिल्या पायरीवर, दोनशें दुसऱ्या पायरीवर आणि एकशेंवीस तिसऱ्या पायरीवर गेलीं. आम्ही तिघे भाऊ उद्यां तीन बिऱ्हाडें करून राहिलों आणि प्रत्येकाच्या वांट्यास एकशेंचाळीस युनिटें आलीं, तर तीनशें युनिटें पहिल्या पायरीवर बसतील, एकशेंवीस दुसरीवर, आणि तिसऱ्या पायरीस कोणाचा पायही लागणार नाहीं. स्थिर आकार तीनदां भरावा लागेल हें खरें. तरी दरांतील अंतर पाहतां तिघांच्या बिलांची बेरीज आजच्याहून बरीच कमी होईल. शिवाय शेंकडा सोळा वीज शुल्क बिलाच्या रकमेवर बसतें, तेव्हां वरच्या पायरीचा भार त्यांतही उतरतो.

वस्तुतः एकत्र कुटुंबांत दरडोई वीज कमीच जळते. फ्रिज एक, पाणी चढविण्याचा पंप एक, रात्रीं माजघरांतील एकाच दिव्याखालीं चार मुलें अभ्यासास बसतात. जें घर काटकसर करतें त्यालाच दरपत्रक उधळें समजतें. भाऊबंदकीनें आजवर पुष्कळ घरें फुटलीं. विजेच्या दरपत्रकापायीं चूल वेगळी करण्याची बुद्धि कोणाला होऊं नये, एवढीच आशा.

आतां हा अन्याय मालकीमुळें होतो काय? तसें म्हणतां येत नाहीं. १९९९ सालीं महाराष्ट्र वीज नियामक आयोग स्थापन झाला. मुंबईंतील खासगी कंपन्या असोत कीं सरकारी महावितरण असो, दर आयोगच ठरवितो. पायऱ्या दोहींकडे आहेत, आणि दोहींकडे त्या मीटरवरूनच मोजल्या जातात. वहिनींच्या प्रश्नाच्या पहिल्या अर्ध्या भागाचें उत्तर येथेंच मिळतें.

म्हणून मालक कोण हा प्रश्न पोकळ ठरत नाहीं. दापोडीजवळ आपली पवना ज्या मुळा नदीला मिळते, तिचाच इतिहास पहावा. मुळशीस टाटांच्या कंपनीनें धरण बांधण्यास घेतलें, तेव्हां मावळांतील शेतकऱ्यांनीं १९२१ सालीं सत्याग्रह मांडला आणि सेनापति बापट त्याचे पुढारी झाले. धरण झालेंच. मुळेचें पाणी सह्याद्रीपलीकडे पश्चिमेस वळवून भिऱ्याच्या वीजघरांत सोडलें गेलें आणि १९२७ पासून तेथील वीज मुंबईस जाऊं लागली. कंपनीनें लबाडी केली असें मी म्हणत नाहीं. तिचा धंदा वीज विकण्याचा, आणि गिऱ्हाईक मुंबईस होतें. ज्यांच्या भातखाचरांवर पाणी चढलें, त्यांच्या घरांत दिवा लावणें हा तिच्या धंद्याचा भागच नव्हता. नफ्यावर चालणारी तार जेथें मागणी दाट आहे तेथें आपण होऊन जाते. विरळ वस्तीकडे तिला कोणीतरी ओढून न्यावें लागतें.

हें ओळखूनच त्या काळीं लोक सार्वजनिक मालकीकडे वळले. ७ ऑगस्ट १९४७ रोजीं मुंबईच्या महापालिकेनें बेस्ट कंपनी आपल्या ताब्यांत घेतली. १९४८ च्या एप्रिलांत खुद्द इंग्लंडनें वीजधंदा राष्ट्राच्या मालकीचा केला. त्याच वर्षीं आपल्याकडे वीजमंडळांचा कायदा झाला, आणि २० जून १९६० रोजीं महाराष्ट्र राज्य वीज मंडळ अस्तित्वांत आलें. १९६२ सालीं औद्योगिक विकास महामंडळ निघालें. पिंपरी, भोसरी आणि पुढें चाकण येथील माळरानांवर जे कारखाने उभे राहिले, ते मंडळाच्याच तारांवर. आज खासगी कंपन्यांना हा पट्टा हवासा वाटतो, तो त्या तारांनींच तसा केलेला आहे, याची आठवण ठेवलेली बरी.

मंडळाचे दोषही लपविण्याजोगे नाहींत. नव्या शतकाच्या आरंभीं विजेचा एवढा तुटवडा पडला कीं राज्यभर भारनियमन नित्याचें झालें. २००५ च्या जून महिन्यांत मंडळाच्या निरनिराळ्या कंपन्या करण्यांत आल्या, त्यानेंही वीज वाढली नाहीं. मग २००६ सालीं आपल्या भागांत एक प्रयोग झाला, आणि तो आजच्या वादांत कोणी काढीत नाहीं याचें मला नवल वाटतें. पुण्याच्या शहरी भागांत तूट सुमारें नव्वद मेगावॉटची होती. इकडे मोठ्या कारखान्यांपाशीं स्वतःचे डिझेलवर चालणारे वीजसंच होते. योजना अशी ठरली कीं मागणी वाढलेल्या तासांत कारखान्यांनीं आपले संच चालवावे, मंडळाच्या तारेवरून कमी वीज घ्यावी, आणि वांचलेली वीज घरांना मिळावी. डिझेलची वीज फार महाग. तिच्या किंमतींतील फरक शहरांतल्या ग्राहकांनीं भरावयाचा, आणि त्यासाठीं युनिटामागें ४२ पैसे विश्वसनीयता आकार आयोगानें मंजूर केला. महिन्यास ३०० पर्यंत युनिटें वापरणाऱ्या घरांना तो माफ होता.

यंत्र खासगी, तार सार्वजनिक, आणि बिलावरील आकार उघड उघड छापलेला: किती, कशासाठीं आणि कोणाला माफ, हें वाचणाऱ्यास कळत होतें. पुण्यांत आणि पिंपरी-चिंचवडांत दिवे राहिले. बाहेरच्या ग्रामीण भागांत मात्र भारनियमन चालूच होतें. ज्याच्यापाशीं अधिकचे पैसे त्याला उजेड आणि बाकीच्यांना अंधार, हा आक्षेप तेव्हांही घेण्यासारखा होता. मला तो आजही सर्वस्वीं खोडतां येत नाहीं. आणि तीनशेंची ती मर्यादाही मीटरचीच. अकरा माणसांचें घर सधन म्हणून आकार भरणार, आणि शेजारचें दोघांचें घर, दोन मोटारी दारांत असल्या तरी, माफींत बसणार!

सबंध शहराचें वितरण खासगी हातीं देण्याचे प्रयोगही झाले. भिवंडींत २००७ पासून आरंभलेली व्यवस्था टिकली. औरंगाबादेंतील २०१४ सालीं, जळगांवची २०१५ सालीं आणि नागपूरची २०१९ सालीं संपुष्टांत आली आणि कारभार पुन्हां महावितरणकडे परतला. एका यशावरून वा तीन अपयशांवरून सिद्धान्त काढूं नये. परंतु खासगी म्हणजे आपोआप कार्यक्षम, हें वाक्य छापण्यापूर्वीं संपादकांनीं ही यादी समोर ठेवावी.

समांतर परवान्याची गोष्ट निराळी आहे. त्यांत जुनी कंपनी राहते आणि नवी तिच्या शेजारीं येते. मुंबईच्या उपनगरांत २००९ नंतर ग्राहकांना अशी निवड मिळाली, तेव्हां अधिक वीज वापरणारे नव्याकडे लोटले आणि लहान ग्राहक जुन्याच्या पदरीं उरले. शेवटीं २०१२ सालीं नव्या कंपनीनें ३०० युनिटांपर्यंतचेच ग्राहक वळवून घ्यावे, असें बंधन आयोगाला घालावें लागलें. दुधावरची साय एकानें काढली कीं खालचें दूध दुसऱ्याला त्याच भावानें विकतां येत नाहीं. आपल्या पट्ट्यांतील कारखाने व मोठीं दुकानें चढा दर देतात, त्या पैशांतून शेतीपंपांचा आणि लहान घरांचा भार कांहीं अंशीं निघतो. ती गिऱ्हाइकी गेली तर उरलेला भार महावितरणच्या बाकीच्या ग्राहकांवर पडेल, नाहींतर सरकारी तिजोरींतून, म्हणजे फिरून आपल्याच करांतून, भरावा लागेल. वहिनींच्या प्रश्नाच्या दुसऱ्या अर्ध्या भागाचें उत्तर हें: आमचें बिल प्रथम कदाचित् वाढणारही नाहीं, पण खेड तालुक्यांतल्या वाडीचें वाढण्याचा संभव अधिक.

म्हणून सार्वजनिक मालकी म्हणजे न्याय, असेंही समजूं नये. मुंबईंत बेस्टच्या बसगाड्यांची तूट वीजग्राहकांच्या बिलांतून वसूल होत असे. ज्यानें बसमध्यें पाऊल ठेवलें नाहीं त्याच्या दिव्यावर तिकिटाचा बोजा! आणि आपल्याच महापालिकेचें पाणी पहा. २०१९ च्या नोव्हेंबरांत पवनेचें पाणी दिवसाआड देण्याचें ठरलें, तेव्हांपासून वाकड-पुनावळ्याच्या सोसायट्यांत टँकरची ये-जा वाढली. तेथील माणूस पाणीपट्टीही भरतो आणि टँकरवाल्याचें बिलही. पाण्याचें खासगीकरण करावें असा ठराव कोणत्याही सभागृहानें केला नाहीं, त्यावर चर्चाही झाली नाहीं. टँकर मात्र रोज येतो, आणि त्याचा दर ठरविणारा कोणताही आयोग नाहीं.

हें सारें मीं वहिनींना एका रविवारीं सांगितलें. त्यांनीं शांतपणें ऐकून घेतलें आणि म्हणाल्या, "मालक कोण असावा तें मोठे लोक ठरवोत. पायऱ्या माणसें मोजून लावा, एवढें कोणाला लिहूं?" दरवाढीचा प्रस्ताव आला कीं आयोग सूचना व हरकती मागवितो आणि जाहीर सुनावणी घेतो, कोणाही ग्राहकाला लिहितां येतें. त्याच रात्रीं पत्राचा मसुदा तयार झाला. रेशनकार्डावरील माणसांच्या संख्येप्रमाणें पायऱ्यांची मर्यादा वाढवावी, अशी त्यांत एकच मागणी आहे, आणि वर सांगितलेला ४२० युनिटांचा हिशेब वहिनींनीं स्वहस्तें मांडला आहे. आतां पत्र अडलें आहे तें सहीपाशीं. ग्राहक म्हणून सही ज्याच्या नांवावर मीटर त्याची हवी, आणि आमचा मीटर अद्यापि आजोबांच्या नांवावर आहे. ते १९८९ सालींच वारले.