ट्राम आली, सूची निघाली!

आमच्या शिरोड्याच्या वेळागरावर होकायंत्र ठेवा. काटा मुकाट्याने उत्तर दाखवील. शेजारी कोयता आणला, की तो बिचकलाच! मग जिथे प्रचंड विद्युच्चुंबकेच बसवलेली असतात, तिथे नाजूक उपकरणांनी करावे काय? फ्रान्समध्ये अणुगर्भांचे मीलन घडवून ऊर्जा मिळवू पाहणारे ‘इटर’ यंत्र उभे राहत आहे. त्याच्या गाभ्यातले चुंबकक्षेत्र ५.३ टेस्लाचे, म्हणजे आपल्याकडील पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या लाखपटीहून अधिक. अशा ठिकाणी उपकरणे लांब तरी ठेवतात, नाहीतर मऊ लोखंडाच्या पेटीत. छपराचे पाणी पन्हळीने वळावे, तशा चुंबकरेषा पेटीच्या भिंतींतून वळतात. आत बरीचशी शांतता.

पण ज्याला चुंबकत्वच मोजायचे, त्याने पेटीत बसून कसे भागावे? हा पेच मुंबईत शतकापूर्वीच पडला होता. कुलाब्याच्या वेधशाळेत १८४१ पासून पृथ्वीच्या चुंबकत्वाची नोंद होई. शहरात विजेच्या ट्राम येणार असे ठरले, आणि त्यांच्या विद्युत्प्रवाहाने वेधशाळेतल्या सूच्या ढळणार हे उघड होते. संचालक नानाभॉय मूस यांनी बिऱ्हाड अलिबागला हलवले. तिथल्या इमारतीत लोखंड वर्ज्य. दगडसुद्धा चुंबकत्व तपासून घेतलेला.

मला कौतुक वाटते ते मात्र निराळ्याच गोष्टीचे. जागा बदलली की आकडे बदलणार. जुन्या नोंदींशी त्यांचा मेळ कसा बसावा? म्हणून १९०४ ते १९०६ दोन्हीकडे एकदमच मोजणी चालू ठेवली. १९०७ साली मुंबईत विजेची ट्राम धावली, तेव्हा कुलाब्याची नोंदमाला अलिबागला बिनबोभाट पुढे चालली होती. आजही चालते आहे.