मधुमेह आणि आपले पाय

आम्ही डॉक्टर नव्हे, बँकेतील कारकून आहोत. तरीही हा विषय घेण्याचे कारण आमच्या शाखेतील एक ज्येष्ठ सहकारी. त्यांना बारा वर्षांपासून मधुमेह. एके संध्याकाळी त्यांनी चप्पल काढली तर तळवा रक्ताने माखलेला! चपलेतून वर आलेला चुका दिवसभर टोचत होता, पण त्यांना पत्ताच नव्हता. "दुखत नाही ना, मग काही विशेष नाही," असे म्हणून त्यांनी जखमेत हळद भरली. दोन महिन्यांनी पायाचा अंगठा काढावा लागला.

दुखत नव्हते, हेच तर खरे दुखणे होते. साखर वर्षानुवर्षे वाढलेली राहिली की पायाचे मज्जातंतू बधिर होतात. काहींचा रक्तपुरवठाही कमी होतो. वेल्लोरला कुष्ठरुग्णांवर उपचार करणारे डॉ. पॉल ब्रँड यांनी दाखवून दिले की, वेदना कळत नाही म्हणून माणूस जखमेवरच चालत राहतो आणि पाय गमावतो. १९६६ मध्ये अमेरिकेत गेल्यावर हाच धडा त्यांनी मधुमेहींच्या पायांनाही लावला.

म्हणून नुसती मलमे बदलून तळव्याची जखम भरत नाही. तिच्यावरचा भार काढावा लागतो. त्यासाठी डॉक्टर गुडघ्यापर्यंत खास प्लास्टर किंवा बूट देतात, मेलेली कातडी काढतात, रक्तपुरवठा तपासतात. जंतुसंसर्ग असेल तरच प्रतिजैविके. पाय लाल होऊन सुजला, घाण वास आला, ताप आला किंवा बोट काळे पडले, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.

रोज रात्री तळवे पाहावेत. वाकता येत नसेल तर आरसा घ्यावा. दृष्टी अधू असलेल्या आजी-आजोबांसाठी हे काम विद्यार्थी मित्रांनी करावे. पाय धुऊन बोटांच्या बेचक्या कोरड्या कराव्यात. चप्पल झटकून घालावी, घरातही अनवाणी फिरू नये. बधिर पायांना एम.सी.आर.ची, मागे पट्टा असलेली चप्पल बरी. गरम पाण्याच्या पिशवीने शेकू नये. कुरूप ब्लेडने कापणे आणि भेगांत बिब्बा घालणे, हे आपल्याकडचे घरगुती उद्योग तर कायमचे बंद करावेत.

वर्षातून एकदा नायलॉनच्या धाग्याची तपासणी करून घ्यावी. डॉक्टर तो तळव्याला टेकवतात व कळले का विचारतात. आम्हांलाही मधुमेह आहे. गेल्या महिन्यात तपासणी झाली, तेव्हा डाव्या अंगठ्याखाली टेकवलेला धागा आम्हांला कळला नाही. आता विहारात चप्पल बाहेर काढली की आम्ही पायमोजे घालूनच आत बसतो.