टाकाऊतून टिकाऊ : एका साध्या खुर्चीचा धडा



कार्यानुभवाच्या तासाला 'टाकाऊतून टिकाऊ' म्हटलं की आइस्क्रीमच्या काड्यांचं पेनस्टँड ठरलेलं. प्रदर्शन झालं की ते कपाटावर धूळ खात पडतं. वस्तू वापरात आली नाही, तर ती टिकाऊ कशी म्हणायची? म्हणून आज खुर्चीबद्दल बोलूया.

चंदीगडची खुर्ची
फाळणीत लाहोर पाकिस्तानात गेलं आणि पंजाबसाठी चंदीगड हे नवं शहर उभं राहिलं. त्याची आखणी करणारे ल कॉर्बुझिए यांचे चुलतभाऊ पिएर जानरे यांनी १९५० च्या दशकात तिथल्या सरकारी कचेऱ्यांसाठी फर्निचर घडवलं. सागवानी लाकूड, वेताची विणलेली बैठक, उलट्या 'व्ही'सारखे पाय. नक्षी नाही, जास्तीचं काहीच नाही. पुढे या खुर्च्या जुन्या झाल्या, भंगारासारख्या विकल्या गेल्या. आज त्याच परदेशातल्या लिलावांत लाखो रुपयांना जातात. नाव जानरेंचं झालं. रंधा मारणारे सुतार आणि वेत विणणारे हात मात्र मागेच राहिले.

धारावीतलं रबर
आता आपल्या जवळचं उदाहरण. २०१५ मध्ये महाराष्ट्रात गोवंश हत्याबंदी कायदा कडक झाला आणि धारावीतल्या चामड्याच्या कारागिरांचं काम घटलं. मुंबईत वाढलेले कलाकार सुधीर राजभर यांनी या कारागिरांना सोबत घेऊन चामड्याऐवजी टायर-ट्यूबचं रबर वापरायला सुरुवात केली. आधी बॅगा केल्या, मग खुर्च्या. रेषा तशाच साध्या, पण माल नवा. २०२४ मध्ये अमेरिकेतल्या 'डिझाइन मायामी' प्रदर्शनात गायिका रिहाना त्यांच्या खुर्चीत बसली आणि जगभर चर्चा झाली.

त्यांनी स्टुडिओचं नाव ठेवलंय 'चमार'. जो शब्द शिवीसारखा वापरला जातो, तोच इथे कारागिरीची ओळख म्हणून मानाने लावलाय. जातीवरून अपमान करणं हा गुन्हा आहे, हे मुलांना सांगायला हवंच. पण ज्यांना हिणवलं जातं त्यांच्या हातातलं कसबही मुलांनी पाहिलं, तर ते मनात जास्त रुजतं.

वर्गात काय करता येईल?
आचोळ्यात पंक्चरवाल्याकडे जुन्या ट्यूब सहज मिळतात. त्या धुऊन मोठ्यांनी पट्ट्या कापून द्याव्यात. बाजेची नवार विणतात, तशा त्या बैठक फाटलेल्या स्टुलावर मुलांनी ताणून विणाव्यात. स्टूल वर्गातच वापरायचं. विणताना तीन प्रश्न विचारा :

१. ही वस्तू कशासाठी आहे?
२. यातलं काय काढलं तरी चालेल?
३. ही कोणी बनवली?

तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर म्हणून विणणाऱ्या सगळ्या मुलांची नावं स्टुलाच्या खाली लिहा. पालकांनी घरातल्या खुर्चीबद्दलही हाच प्रश्न मुलांना विचारावा. सुतार, विणकर, चर्मकार यांच्याविषयी बोलणं तिथूनच सुरू होईल.