परवडणारे स्मार्ट घड्याळ : मापन, अनुमान आणि पडताळणी

प्रस्तावना :

मनगटी घड्याळ ही भारतीय मध्यमवर्गीय कुटुंबात एकेकाळी मोलाची वस्तू होती. १९६१ साली बंगळूर येथे जपानच्या सिटिझन कंपनीच्या सहकार्याने एच.एम.टी.ने घड्याळांचे उत्पादन सुरू केले. त्यानंतरच्या काही दशकांत परीक्षा उत्तीर्ण झालेल्या मुलाला, नोकरीला लागलेल्या भावाला किंवा विवाहप्रसंगी जावयाला घड्याळ देण्याची प्रथा रूढ झाली. त्या घड्याळाकडून अपेक्षा एकच होती, ती म्हणजे त्याने वेळ बरोबर दाखवावी. ती बरोबर आहे की नाही हे ठरविण्याची सोयही घरोघरी होती. आकाशवाणीच्या बातम्यांच्या वेळेशी घड्याळ जुळवून घेतले जाई आणि ते दोन मिनिटे मागे पडले असेल तर किल्ली ओढून काटे पुढे केले जात.

एच.एम.टी.चा घड्याळनिर्मितीचा उद्योग २०१६ मध्ये बंद झाला. आजच्या प्राध्यापकांच्या व विद्यार्थ्यांच्या मनगटावर साधारणतः १,००० ते ३,००० रुपयांत मिळणारे स्मार्ट घड्याळ दिसते. ते वेळेबरोबरच पावले, हृदयगती, झोप, खर्च झालेले उष्मांक, रक्तातील प्राणवायू, मानसिक ताण आणि काही वेळा रक्तदाबही सांगते. वेळ अचूक असते, कारण ती मोबाइलवरून घेतली जाते. इतर आकडे मात्र कशाशी जुळवून पाहावेत हे वापरणाऱ्यास सांगितले जात नाही. प्रस्तुत लेखात या घड्याळाची कार्यपद्धती, त्याच्या आकड्यांची विश्वसनीयता आणि दैनंदिन वापरातील त्याचे स्थान यांचा विचार केला आहे.

१. घड्याळाची कार्यपद्धती :

स्वस्त स्मार्ट घड्याळाच्या अंतरंगात मुख्यतः दोन संवेदक असतात. आकड्यांची लांबलचक यादी या दोहोंपासूनच तयार होते, ही बाब प्रथम लक्षात घेतली पाहिजे.

पहिला संवेदक म्हणजे त्रिमितीय त्वरणमापी. ही अतिसूक्ष्म यांत्रिक रचना असलेली चकती हाताची हालचाल तीन दिशांनी नोंदवते. चालताना हात ठरावीक लयीत हलतो आणि त्या लयीतून पावले मोजली जातात.

दुसरा संवेदक प्रकाशाचा आहे. घड्याळाच्या मागील बाजूस चमकणारे हिरवे दिवे त्वचेवर प्रकाश टाकतात. रक्तातील हिमोग्लोबिन हिरवा प्रकाश मोठ्या प्रमाणात शोषून घेते. हृदयाच्या प्रत्येक ठोक्याबरोबर मनगटातील रक्ताचे आकारमान क्षणभर वाढते व परत येणारा प्रकाश तेवढा कमी होतो. या चढउतारांवरून हृदयगती काढली जाते. प्राणवायूच्या मापनासाठी सुमारे ६६० नॅनोमीटरचा लाल व सुमारे ९४० नॅनोमीटरचा अवरक्त प्रकाश वापरतात, कारण प्राणवायूयुक्त व प्राणवायूविरहित हिमोग्लोबिन हे दोन प्रकाश भिन्न प्रमाणात शोषतात. या तत्त्वावरील उपकरणाची मांडणी जपानी अभियंता ताकुओ आओयागी यांनी १९७४ साली केली.

२. आकड्यांची प्रतवारी :

घड्याळाच्या पडद्यावर सर्व आकडे सारख्याच ठळक अक्षरांत दिसतात. तथापि त्यांची योग्यता सारखी नसते. अभ्यासाच्या सोयीसाठी त्यांचे तीन वर्ग करता येतात.

*(अ) प्रत्यक्ष मापनाच्या जवळ असणारे आकडे :* विश्रांतीच्या अवस्थेतील हृदयगती व सरळ चालतानाची पावले या वर्गात येतात. पट्टा घट्ट बसलेला असेल आणि हात स्थिर असेल, तर हृदयगती बरीचशी विश्वसनीय असते. धावताना किंवा पट्टा सैल असताना मात्र हालचालीचा प्रकाशमापनात व्यत्यय येतो. पावलांच्या बाबतीत चूक दोन्ही बाजूंनी होते. खड्ड्यांच्या रस्त्यावरून दुचाकी चालविताना, फळ्यावर लिहिताना किंवा कणीक मळताना पावले वाढू शकतात. उलट दोन्ही हातांत पिशव्या घेऊन मंडईतून चालत आल्यास प्रत्यक्ष चाललेली पावले मोजणीतून निसटतात.

*(आ) अनुमानित आकडे :* झोप, उष्मांक व ताण हे आकडे मोजलेले नसून गणिताने काढलेले असतात. झोपेच्या अवस्थांचा शास्त्रीय अभ्यास मेंदूतील विद्युत्-लहरी, डोळ्यांची हालचाल व स्नायूंचा ताण नोंदवून केला जातो. मनगटावरील घड्याळाला यांपैकी काहीही उपलब्ध नसते. हात हलत नाही व नाडी मंदावली आहे एवढ्यावरून ते ‘गाढ झोप’ ठरवते. त्यामुळे अंथरुणात निश्चल पडून छताकडे पाहणाऱ्या निद्रानाशी व्यक्तीचीही झोप लागली असे ते समजू शकते. उष्मांकांच्या बाबतीत स्टॅनफर्ड विद्यापीठातील संशोधकांनी २०१७ साली सात मनगटी उपकरणांची तपासणी प्रसिद्ध केली. सातपैकी सहा उपकरणांची हृदयगतीतील चूक ५ टक्क्यांच्या आत होती. उष्मांकांच्या आकड्यात मात्र सर्वांत चांगल्या उपकरणाचीही सरासरी चूक २७ टक्के निघाली. घड्याळाने सांगितलेल्या उष्मांकांवर विसंबून आहारात एक जिलेबी वाढविणाऱ्याने हे प्रमाण ध्यानी ठेवावे.

*(इ) प्रमाणित नसलेले आकडे :* रक्तदाब व रक्तशर्करा यांचे स्वस्त घड्याळावरील आकडे या वर्गात येतात. रक्तदाब मोजण्याच्या रूढ पद्धतीत दंडावर पट्टा आवळून रक्तप्रवाह क्षणभर थांबविला जातो. निकोलाय कोरोत्कोव्ह या रशियन शल्यवैद्याने १९०५ साली मांडलेली, पट्ट्याखालील रोहिणीचे ध्वनी ऐकण्याची पद्धत आजही आधारभूत मानली जाते. घड्याळाला असा पट्टा नसतो. ते नाडीच्या लहरीच्या आकारावरून दाबाचा अंदाज बांधते. त्यासाठी दंडाच्या पट्ट्याने घेतलेल्या मापनाशी वेळोवेळी जुळवणी करणे आवश्यक असते. जे घड्याळ अशी जुळवणी न मागता १२०/८० च्या आसपासचा आकडा दाखवते, त्याचा आकडा सरासरी माणसाचा असण्याचा संभव अधिक असतो, ते घातलेल्या माणसाचा नव्हे. रक्तशर्करेबाबत अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने फेब्रुवारी २०२४ मध्ये स्पष्ट इशारा दिला होता. त्वचेला न टोचता स्वतंत्रपणे रक्तशर्करा मोजणाऱ्या एकाही घड्याळास वा अंगठीस आपण मान्यता दिलेली नाही, असे त्यात म्हटले होते.

रक्तातील प्राणवायूचा आकडा दुसऱ्या व तिसऱ्या वर्गांच्या सीमेवर आहे. २०२०-२१ च्या महामारीत ‘ऑक्सिजन किती?’ हा प्रश्न घरोघरी विचारला गेला आणि हा आकडा घड्याळ विक्रीचा मोठा आधार बनला. बोटावरील उपकरणात प्रकाश बोटाच्या आरपार जातो, तर मनगटावर तो केवळ परावर्तित होऊन येतो. साहजिकच मिळणारा संकेत क्षीण असतो. त्वचेच्या वर्णाचाही येथे संबंध आहे. डिसेंबर २०२० मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये आलेल्या अभ्यासानुसार अमेरिकेतील रुग्णालयांत, बोटावरच्या उपकरणांनी कृष्णवर्णीय रुग्णांमधील प्राणवायूची धोकादायक घट न ओळखण्याचे प्रमाण गौरवर्णीयांच्या तुलनेत जवळजवळ तिप्पट होते. सावळ्या व काळ्या वर्णाच्या माणसांनी भरलेल्या आपल्या देशात या निष्कर्षाचे महत्त्व वेगळे सांगावयास नको.

३. दोन प्रकारचे धोके :

ही प्रतवारी न जाणल्यास दोन परस्परविरोधी धोके संभवतात. पहिला धोका खोट्या दिलाशाचा. छातीत जडपणा वाटत असताना, दरदरून घाम फुटला असताना एखादी व्यक्ती मनगटाकडे पाहते, ‘नाडी ७८, प्राणवायू ९७’ असे वाचते आणि ‘पित्त असेल’ म्हणून पुढच्या तासाला निघून जाते. हृदयविकाराच्या झटक्यात हे दोन्ही आकडे सामान्य असू शकतात. हृदयाच्या स्नायूला रक्त मिळत नाही हे सांगण्याची क्षमता या घड्याळात नाही. अशा वेळी वाया गेलेला एक तास भरून काढता येत नाही. म्हणून शरीर काही वेगळे सांगत असेल, तर शरीराचेच ऐकावे.

दुसरा धोका अनाठायी चिंतेचा. रात्री उत्तम झोप लागूनही सकाळी घड्याळाने ‘झोपेचे गुण ५४’ दाखविले की दिवसभर थकवा जाणवू लागतो. झोपेचा आकडा सुधारण्याच्या ध्यासापोटी झोपच बिघडण्याच्या या अवस्थेला अमेरिकन संशोधकांनी २०१७ साली ‘ऑर्थोसोम्निया’ असे नाव दिले. १०,००० पावलांच्या उद्दिष्टाचेही असेच आहे. या संख्येचा उगम १९६५ च्या सुमारास जपानमध्ये विक्रीस आलेल्या ‘मानपो-केई’ म्हणजे ‘दहा हजार पावले मोजणारे यंत्र’ या नावात आहे. २०२२ साली ‘द लॅन्सेट पब्लिक हेल्थ’मध्ये १५ अभ्यासांचे एकत्रित विश्लेषण प्रसिद्ध झाले. त्यानुसार ६० वर्षांवरील व्यक्तींत मृत्यूचा धोका ६,००० ते ८,००० पावलांपर्यंत कमी होत जातो व पुढे स्थिरावतो. त्यापेक्षा लहान वयात ही मर्यादा ८,००० ते १०,००० आहे. अर्थात ६,५०० पावले चालून आलेल्या निवृत्त प्राध्यापकाने रात्री दहा वाजता गच्चीवर येरझाऱ्या घालण्याचे कारण नाही.

४. दैनंदिन वापरातील बाबी :

घड्याळाच्या पडद्यावर वेळ सतत दिसत ठेवल्यास व त्यावरून फोनवर बोलण्याची सोय वारंवार वापरल्यास जाहिरातीतील ‘सात दिवस’ दोन-तीन दिवसांवर येऊ शकतात. बहुतेक स्वस्त घड्याळांत स्थाननिश्चितीचा स्वतंत्र संवेदक नसतो. त्यामुळे फोन घरी ठेवून फिरायला गेल्यास अंतराचा आकडा केवळ पावलांवरून काढलेला असतो. ‘आय.पी. ६८’ हे चिन्ह स्वच्छ, स्थिर पाण्यापासूनच्या संरक्षणाचे आहे. त्यात गरम पाणी, साबण वा वाफ यांचा समावेश नाही, म्हणून स्नानाच्या वेळी घड्याळ काढणे इष्ट. घामाने चार्जिंगच्या धातूच्या टोकांवर गंज चढतो व सिलिकॉनच्या पट्ट्याखाली पुरळ उठते. दोन्ही बाबी रोज कोरड्या कापडाने पुसल्यास टळतात.

मराठी वापरकर्त्यास आणखी एक बाब जाणवते. काही घड्याळांत देवनागरी संदेशांच्या जागी रिकामे चौकोन दिसतात किंवा जोडाक्षरे फुटतात. खरेदीपूर्वी दुकानातच एक मराठी संदेश पाठवून पाहणे सोयीचे ठरते. बॅटरी बदलण्याची सोय सहसा नसल्याने दोन-तीन वर्षांत घड्याळ निरुपयोगी होते. ते कचरापेटीत न टाकता १ एप्रिल २०२३ पासून लागू असलेल्या ई-कचरा नियमांनुसार अधिकृत संकलकाकडे द्यावयास हवे.

माहितीच्या गोपनीयतेचा प्रश्नही उपेक्षणीय नाही. घड्याळातील नोंदी ॲपमार्फत कंपनीकडे जाऊ शकतात. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण अधिनियम २०२३ साली संमत झाला व त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले. त्यांतील तरतुदी टप्प्याटप्प्याने लागू करण्याचे ठरविले आहे. या कायद्यात आरोग्यविषयक माहितीचा स्वतंत्र ‘संवेदनशील’ वर्ग केलेला नाही. म्हणून ॲपने संपर्कयादी, छायाचित्रे इत्यादींची परवानगी मागितल्यास ती देण्यापूर्वी तिची गरज तपासणे हे वापरकर्त्याचेच काम ठरते.

५. महाविद्यालयीन जीवन आणि स्मार्ट घड्याळ :

अध्यापनाच्या दृष्टीने पाहता, तास चालू असताना मनगटावर येणारा प्रत्येक संदेश वक्त्याचे व श्रोत्यांचे लक्ष विचलित करतो. तासापूर्वी सूचना बंद करणे हा साधा शिष्टाचार होय. परीक्षेचा प्रश्न अधिक गंभीर आहे. ‘नीट’ परीक्षेच्या केंद्रावर सर्व प्रकारच्या घड्याळांना मनाई आहे. महाविद्यालयाने असा नियम करावयाचा असेल, तर प्रत्येक परीक्षाकक्षात बरोबर वेळ दाखविणारे भिंतीवरील घड्याळ लावण्याची जबाबदारीही महाविद्यालयावर येते.

दुसरीकडे, हेच घड्याळ विद्यार्थी प्रकल्पासाठी उत्तम साधन आहे. चार वेगवेगळी घड्याळे घालून कॉरिडॉरमध्ये प्रत्यक्ष मोजून ५०० पावले चालणे, मनगटावर बोटे ठेवून ३० सेकंद नाडी मोजून तिची दुप्पट घड्याळाशी ताडून पाहणे, घड्याळ काढून टॉवेलच्या गुंडाळीवर बांधल्यास ते हृदयगती दाखवते काय हे तपासणे, हे प्रयोग बिनखर्ची आहेत. संख्याशास्त्राच्या विद्यार्थ्यांना यातून ब्लँड व आल्टमन यांनी १९८६ साली ‘द लॅन्सेट’मध्ये विशद केलेली पद्धत शिकविता येते. दोन उपकरणांच्या आकड्यांत सहसंबंध असणे म्हणजे त्यांत एकवाक्यता असणे नव्हे. सतत दहाने जास्त दाखविणारे घड्याळही पूर्ण सहसंबंध दाखवू शकते. म्हणून दोहोंतील फरकच अभ्यासावा लागतो, हे त्या पद्धतीचे मर्म आहे.

समारोप :

वरील विवेचनावरून असे म्हणता येईल की, परवडणारे स्मार्ट घड्याळ हे टाकाऊ साधन नाही आणि ते वैद्यही नाही. बसून राहण्याची सवय मोडणे, आठवड्याच्या चालण्याचा कल पाहणे, औषधाच्या वेळेची आठवण ठेवणे, सभेत फोन न काढता महत्त्वाचा निरोप पाहणे या कामांसाठी ते आपली किंमत वसूल करून देते. एका दिवसाच्या आकड्यापेक्षा महिन्याच्या प्रवृत्तीकडे पाहिल्यास त्याच्या चुकाही फारशा बाधत नाहीत. मात्र रक्तदाबासाठी दंडाचा पट्टा, शर्करेसाठी रक्ततपासणी आणि छातीतील दुखण्यासाठी तत्काळ रुग्णालय, यांना ते पर्याय होऊ शकत नाही. जुन्या पिढीने घड्याळावर विश्वास ठेवला, पण रोज ते आकाशवाणीशी जुळवूनही घेतले. नव्या घड्याळाच्या बाबतीत तीच सवय वापरणाऱ्याने स्वतः लावून घेणे अगत्याचे आहे.